झाकणाच्या आत

बिर्लानगर, ग्वाल्हेर

11 डिसेंबर
धुकं अकरापर्यंत हललं नाही. उन्हाची वाट बघत कपाट आवरताना बाबांचं फेवर लुबा घड्याळ सापडलं. सी चीफ, 17 ज्युवेल्सचं, रोज चावी मागणारं. जेसी मिलच्या बोनसमधून घेतलेलं. भोंगा झाला की बाबा मनगट उलटून बघायचे आणि दोघांत फरक निघाला तर दोष भोंग्याला द्यायचे. 1921 मध्ये सुरू झालेली ती मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. घड्याळाला चावी दिली, तर चालू झालं.

12 डिसेंबर
पुण्याला भाच्याकडे फोटो पाठवले. संध्याकाळी त्याचा फोन. "मामा, एक जण नऊ हजार देतोय. डायल ओरिजिनल आहे ना?" बाबांच्या हातातलं घड्याळ म्हणजे ओरिजिनलच, असं ठणकावून सांगितलं. फोन ठेवला आणि भिंग शोधायला लागलो.

13 डिसेंबर
भिंग फार चोंबडं असतं. मिनिटांच्या रेघा बारापाशी नीट आहेत, चारपाशी तासांच्या ठोकळ्यांची साथ सोडतात. अक्षरांच्या कडा पसरलेल्या. तळाशी अगदी कडेला बारीक हवं ते 'स्विस मेड' जाडजूड होऊन वर सरकलंय. केसच्या धारा मात्र शाबूत, म्हणजे पॉलिशवाल्याने ती घासून गुळगुळीत केलेली नाही. चावीवर कंपनीची खूण नाही.

16 डिसेंबर
हजिऱ्याच्या घडीसाजाकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि दोन सेकंदांत निकाल दिला : "मशीन असली है. डायल बंबई की है."
घाम आणि दमट हवेने डायल काळी पडायची. मग ती मुंबईला जायची, खरवडून, नव्याने रंगवून, छापून परत यायची. आज संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. "तब तो लोग खुद कहते थे, चमका दो," घडीसाज म्हणाला.
मग त्याने मागचं झाकण उघडून आतली बाजू उजेडात धरली. सुईने कोरलेले बारीक आकडे : 74, 81, 86. घड्याळ ज्याच्या हातात उघडलं, त्याने आपली खूण ठेवलेली.
86! ताईचं लग्न. मांडवात जुनाट घड्याळ नको, म्हणून बाबांनी ते 'नवं करून' आणलं होतं. आम्ही सगळ्यांनी कौतुकाने हातात घेऊन पाहिलेलं.
तेलपाण्यासाठी ठेवून आलो.

17 डिसेंबर
हॉलिवूड नट पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना घड्याळ आठवलं. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे पावणेदोन कोटी डॉलरला गेलं. घड्याळाच्या मागच्या बाजूला त्याच्या बायकोने कोरून घेतलं होतं, गाडी जपून चालव म्हणून. एरवी परक्याच्या बायकोचं कोरीवकाम असलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. इथे त्यानेच भाव चढला, कारण कोणी कोणासाठी कोरलं ते जगाला ठाऊक होतं.
बाबांच्या डायलचंही तेच. 86 साली ती दुरुस्ती होती. आज मी गप्प राहून नऊ हजार घेतले, तर त्याच रंगाची फसवणूक होईल. रंग बिचारा होता तिथेच आहे.

18 डिसेंबर
भाच्याला सांगितलं. "फोटोत कळत नाही मामा, बोलायलाच हवं का?" म्हटलं, "अरे, तुझ्या आईच्या लग्नासाठी रंगवलीय ती." तो जरा वेळ गप्प. तासाभराने निरोप : खरं कळवलं, आता गिऱ्हाईक अडीच हजार म्हणतंय.
डबीत ठेवायला चिठ्ठी लिहिली : मशीन मूळचं, केस मूळची, डायल 1986 मध्ये रंगवलेली, चावी बदललेली.

19 डिसेंबर
घड्याळ आणलं. पैसे देण्याआधी झाकण पुन्हा उघडायला लावलं. 86 च्या खाली ताजा, चकाकता ओरखडा : 19-12.
"अगले कारीगर के लिए," घडीसाज म्हणाला आणि झाकण दाबून बसवलं.