मौनातही सांगायच्या गोष्टी

विपश्यनेच्या शिबिराबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात ते मौनाविषयी. दहा दिवसांचं शिबिर, फोन नाही, वाचन नाही, लिहिणं नाही, शेजारच्या खोलीतल्या बाईला नजरेनंसुद्धा काही सांगायचं नाही. इगतपुरीहून आलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘न बोलता राहिलात कशा?’ खरं तर मला त्या दिवसांतलं सगळ्यात सोपं काम तेच वाटलं. पण या नियमाचा उरलेला अर्धा भाग फार थोड्यांच्या लक्षात राहतो. मौन पाळायचं ते बरोबरच्या साधकांशी. राहण्याजेवण्याची अडचण धम्मसेवकांना सांगता येते आणि साधनेतली अडचण आचार्यांना. दुपारी बारा ते एक ही भेटीची वेळ असते. रात्री नऊ वाजता शेवटची बैठक संपल्यावर हॉलमध्येच प्रश्न विचारता येतात. तरीही माणसं आपली अडचण मुठीत धरून दिवस काढतात. मी साधक म्हणून बसले, पुढे शिबिरांत सेवाही दिली, आणि दोन्हीकडून हेच पाहिलं.

मी सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. राज्य शासनाच्या ‘मित्र’ उपक्रमात शाळांमधून मुलांना आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव, सुरू झाला आणि त्या निमित्तानं आम्हा शिक्षकांना शिबिराला जायची संधी मिळाली. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आमच्याच जिल्ह्यात. कसारा घाट चढून आलेल्या गाड्यांचे आवाज पहाटे खोलीपर्यंत येत. चार वाजता घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडा फराळ, रात्री ही साधना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकाजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन.

गोएंकाजींची स्वतःची गोष्ट त्या प्रवचनांतून कळते. जन्म मंडालेचा, घरचा मोठा व्यापार, आणि अर्धशिशी अशी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 साली ते रंगूनमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते आणि ध्यान शिकवत. डोकेदुखीवरचा इलाज म्हणून ही विद्या मागू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे 1969 मध्ये गोएंकाजी भारतात आले आणि 1976 पासून धम्मगिरीवर शिबिरं होऊ लागली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की दुखणं घेऊन आलेला माणूस ते लपवून आत शिरला नव्हता. ते आधी बोललं गेलं, मग शिकवणं सुरू झालं.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर जेवढी जागा आहे तिथे लक्ष ठेवायचं आणि येणारा-जाणारा श्वास जाणायचा. ऐकायला सोपं वाटतं. बसलं की पहिली अडचण ही, की श्वास सापडतच नाही. नैसर्गिक श्वास इतका बारीक असतो की तो चालू आहे की नाही याची शंका येते, आणि शंका आली की आपण मुद्दाम ओढायला लागतो. मग छाती भरून येते, कपाळ जड होतं. यावर सूचना साधी आहे : काही श्वास थोडे जोरात घ्या, जागा कळली की सोडून द्या, पुन्हा आपोआपच्या श्वासाकडे या. जोरात घेणं हा काही मिनिटांचा आधार आहे, ती साधना नव्हे. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांची डोकी दुपारपर्यंत ठणकायला लागतात आणि ते समजतात, ध्यान आपल्याला मानवत नाही.

या बाबतीत मुलं मोठ्यांपेक्षा हुशार निघाली. शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटं बसायचो. चौथीतला एक मुलगा डोळे मिटल्या मिटल्या हात वर करायचा. ‘बाई, माझं एक नाक बंदए.’ मी म्हणायचे, मग उघड्या नाकातून काय होतंय ते बघ. दुसऱ्या दिवशी, ‘बाई, आज दुसरं बंदए.’ त्याला जे जाणवत होतं ते तो बरोबर सांगत होता, आणि कोणत्या नाकपुडीतून श्वास जातोय हे कळणं हाच तर त्या सरावाचा भाग आहे. एका मुलीनं विचारलं होतं, ‘मी श्वास बघते तेव्हा मला आमची म्हैस दिसते, चालेल का?’ तिला म्हटलं, म्हैस आली हे कळलं ना, झालं, आता श्वासाकडे ये. मन भटकणं हा ध्यानातला बिघाड आहे असं मोठ्यांना वाटतं आणि ते मनाशी झुंजत बसतात. भटकल्याचं ज्या क्षणी कळतं तो जागेपणाचाच क्षण असतो. त्या क्षणी स्वतःवर चिडलं, तर ती आणखी एक भटकंती.

झोपेचा विषय जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्याची लाज फार वाटते. दुपारी एक ते अडीचच्या बैठकीत हॉलमध्ये माना पडलेल्या दिसतात. बौद्ध परंपरेत साधनेच्या पाच शत्रूंची नावं दिली आहेत : आसक्ती, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि शंका. सुस्ती तिसरी. अंगुत्तर निकायात एक सुत्त आहे. त्यात बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक असलेले महामोग्गल्लान मगधात एका गावी ध्यानाला बसलेले असताना पेंगतात. बुद्ध त्यांना रागावत नाहीत, एकामागून एक उपाय देतात. ज्या विचारानं झोप येते तो धरून बसू नकोस. ऐकलेला धम्म मनात आठव, मोठ्यानं म्हण. कान ओढ, अंग चोळ. उठून डोळ्यांवर पाणी मार, चारी दिशांना पाहा, वर नक्षत्रांकडे पाहा. उजेडाची कल्पना मनात धर. येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही झोप गेली नाही, तर उजव्या कुशीवर झोप, उठायची वेळ मनात ठरवून. शेवटचा उपाय झोप हाच आहे, हे वाचलं तेव्हा मला मोठा धीर आला. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांची गणना सर्वश्रेष्ठ शिष्यांत झाली त्यांना पेंग येत होती, आणि गुरूंनी कान ओढण्यापासून झोपण्यापर्यंत सगळं सांगितलं होतं. मी यातले पाण्याचे आणि येरझाऱ्यांचे उपाय अजून वापरते. पहाटेची बैठक त्याशिवाय होत नाही.

चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते. डोक्यापासून पायांपर्यंत लक्ष फिरवायचं, जी संवेदना जिथे असेल ती जाणायची, आवडली म्हणून थांबायचं नाही, नकोशी म्हणून पळायचं नाही. त्या दिवसापासून तीन सामूहिक बैठकांत अधिष्ठान असतं : तासभर हात उघडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे मिटलेले. इथे गुडघे बोलायला लागतात. चाळिसाव्या मिनिटाला माझ्या उजव्या मांडीत असं काही सुरू झालं की पाय कायमचा निकामी होणार अशी खात्री वाटली. दुखणं अंगावर ठेवलेल्या एका अखंड दगडासारखं वाटतं. जवळून पाहायला गेलं की तो दगड अखंड नसतो. कुठे जळजळ, कुठे दाब, कुठे ठणका, मध्येच कोरडी जागा, कडेला मुंग्या. आणि या सगळ्याच्या वर ‘आता किती वेळ राहिला’ हा विचार. तो विचार बाजूला झाला तेव्हा दुखणं गेलं नाही, पण त्याचा जाच उतरला. हा अनुभव मी कुणाला पुस्तकातून पटवू शकत नाही. बसूनच कळतो.

तरी इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. सगळं दुखणं सोसायचं नसतं. बैठक संपून उठल्यावर थोड्या वेळात निघून जाणारं दुखणं बसण्याचं आहे. उठल्यावर, चालताना, रात्री पलंगावरही गुडघ्यात कळ राहिली, तर तो सांध्याचा इशारा आहे. खुर्ची मागावी. ती मिळते. भिंतीलगतची जागा मिळते, जादा उशी मिळते. सेवेला असताना एक आजी मी पाहिल्या. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर जमिनीवर बसत होत्या, कारण खुर्ची मागितली तर ‘जमलं नाही’ असा अर्थ होईल, असं त्यांना वाटत होतं. धम्मसेविकेनं विचारल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दुपारपासून त्या खुर्चीवर बसल्या आणि पूर्ण शिबिर शांतपणे केलं. खुर्चीत बसून केलेलं निरीक्षण जमिनीवरच्यापेक्षा तसूभर कमी नसतं.

शिबिराच्या उत्तरार्धात मला रडू यायला लागलं. माझी आई गेली तेव्हा दहावीचे पेपर तपासायचे होते, घरात सासूबाईंचं आजारपण होतं, आणि तेराव्यानंतर मी तिच्याबद्दल कुणाशी बोललेच नव्हते. छातीच्या मध्यावर लक्ष आलं की ते सगळं वर यायचं. दवाखान्याचा वास, तिचे सुजलेले पाय. एका संध्याकाळी हुंदका आवरेना, हातांना घाम, हॉल लहान होत चालल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आचार्यांकडे गेले. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले. झोप लागते का, जेवण जातं का, पूर्वी कधी असं झालं होतं का. मग म्हणाले, ‘आज छातीकडे जायचं नाही. तळहात आणि तळपाय, एवढंच बघा. फार झालं तर डोळे उघडा, श्वासावर या. बाहेर थोडं चाला.’ मी तसं केलं. रडणं थांबलं नाही, पण त्याच्या मागे मी वाहत जायची ते थांबलं. दिवसभर तळपायांवर लक्ष ठेवणारी मी एकटीच असेन असं तेव्हा वाटलं होतं. सेवेला गेल्यावर कळलं की ही सूचना फार जणांना द्यावी लागते.

याच्या उलटी अडचण गोड असते आणि म्हणून जास्त चिवट. एका सकाळी सगळ्या अंगातून सूक्ष्म, वाहती, प्रसन्न अशी लहर फिरू लागली. कुठेही अडथळा नाही, शरीराला वजन नाही. त्या बैठकीनंतर जेवणाच्या रांगेत उभी असताना झाडाची पानंसुद्धा वेगळी दिसत होती. दुसऱ्या दिवशी तीच लहर शोधत बसले आणि हाती आलं ते जड, मुकं शरीर. गोएंकाजी प्रवचनांतून हे पुन्हा पुन्हा सांगतात की प्रगती संवेदनेवरून मोजू नका, समतेवरून, म्हणजे मनाच्या तोलावरून मोजा. ऐकताना पटतं. पण छान अनुभवाची ओढ घरी आल्यावरही वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. अनेक चांगले साधक याच ठिकाणी साधना सोडतात. त्यांना वाटतं, हरवलं. माझं मत असं, की त्या जड, कंटाळवाण्या बैठकाच माणसाला घडवतात, कारण तिथे मिळण्यासारखं काही नसतं आणि तरी आपण बसतो.

घरी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा, असं सांगितलं जातं. नोकरी, स्वयंपाक, सासरची माणसं असलेल्या बाईला दोन तास कुठून मिळणार? मी सकाळचा तास राखला, संध्याकाळी मिळतील तेवढी मिनिटं. कुकरच्या शिट्ट्या होतात, दूधवाला येतो, समोरच्या मंगल कार्यालयात बॅण्ड वाजतो. आवाज हा आवाज म्हणून ऐकला तर बैठक चालू राहते. आवाज करणाऱ्याशी मनात भांडण सुरू झालं की ती तिथेच मोडते. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, ‘ही भिंतीकडे तोंड करून काय बसते?’ नंतर त्या माझ्या शेजारी पाटावर जपमाळ घेऊन बसू लागल्या. एकीचा जप, एकीचा श्वास, आणि दोघींचं बरं चाललं.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी सोसतंच असं नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या जेरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य देशांतल्या बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. भीती, घबराट, झोप उडणं, उजेड आणि आवाज सहन न होणं अशा तक्रारी त्यात नोंदल्या आहेत. काहींना तो त्रास थोडे दिवस झाला, काहींना वर्षानुवर्षं. हे वाचून मी साधना सोडली नाही, आणि कुणाला सोडायलाही सांगणार नाही. पण आमच्या नात्यातल्या एका तरुण मुलानं नैराश्यावरच्या गोळ्या मनानं बंद केल्या, अर्जात आजार लिहिला नाही आणि तो शिबिराला जाऊन बसला. चार रात्री त्याला झोप नव्हती. मौन मोडेल म्हणून तो कुणाकडे गेला नाही. घरी आणल्यावर डॉक्टरांच्या उपचारांनी त्याला सावरायला बरेच महिने लागले. पहिल्या रात्रीनंतर त्यानं दुपारी बाराची भेट घेतली असती, तर त्याचा त्रास तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात आला असता.

म्हणून जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. अर्जात आजारांबद्दल विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा, पूर्वीचं नैराश्य, घेतलेले उपचार, चालू गोळ्या, सगळं. नकार आला तर तो तुमच्या भल्यासाठी आहे असं समजा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. शिबिरात झोप उडाली, भीती वाटली, कुणीतरी बोलतंय असं ऐकू आलं, तर त्याच दिवशी आचार्यांकडे जा, भेटीच्या वेळेची वाट पाहू नका. आणि तुमच्या घरचं कुणी शिबिराहून परत येऊन रात्र रात्र जागं राहत असेल, तर ‘साधनेत असं होतं’ म्हणून थांबू नका, त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा.