‘चांगल्या घरची’ माणसं

एचआयव्ही कसा होतो, हे आमच्या वर्गात कुणालाही विचारा. असुरक्षित संभोग, दूषित सुई, रक्त, आईकडून बाळाला. उत्तर पाठ आहे. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मग अडतं कुठे?

यंदा रेड रिबन क्लबतर्फे आम्ही नाव न लिहिता प्रश्न मागवले. चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. एकीत होतं, ‘मुलगी चांगल्या घरची आहे, तरी कंडोम लागतो का?’ दुसरीत, ‘तो रोज जिमला जातो, एकदम फिट आहे.’ तिसरी मुलीची असावी: ‘आमचं दोन वर्षांचं आहे. आता कंडोमचं बोलले तर त्याला वाटेल, मी संशय घेते.’

म्हणजे माहिती आहे, पण ती ‘तसल्या’ लोकांसाठी. आपण धोका मोजतो तो माणूस बघून. पण एचआयव्ही असलेला माणूस कित्येक वर्षं ठणठणीत दिसू शकतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. प्रेम खरं असलं म्हणून रक्ताचा रिपोर्ट कळत नाही. विश्वास असेल तर दोघांनी मिळून टेस्टला जावं, यात संशय कसला?

‘आपण’ आणि ‘तसले’ या भेदाची किंमत आपल्या गोव्याने पाहिली आहे. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदान केल्यावर एचआयव्ही आढळला म्हणून, म्हापशात 64 दिवस डांबून ठेवलं होतं. सुटल्यावर त्याने अशा रुग्णांसाठी काम उभं केलं. 1992 मध्ये तो वारला. आज सरकारी केंद्रांत औषधं फुकट मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संभोगातून दुसऱ्याला लागण होत नाही. औषध बदललं, आपली नजर तेवढी बदलली नाही.

म्हणूनच एक चिठ्ठी मनातून जात नाही: ‘टेस्ट केली तर घरी कळेल का?’ ज्याने लिहिली त्याच्यासाठी, आणि विचारायचं धाडस न झालेल्यांसाठी सांगतो. सरकारी आयसीटीसी केंद्रात टेस्ट मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो. 2017 च्या कायद्याने तुझ्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. घटना 72 तासांच्या आतली असेल तर आजच सरकारी हॉस्पिटलात जा. लागण टाळणारी औषधं 28 दिवस घ्यावी लागतात आणि जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. जास्त दिवस झाले असतील तरी टेस्ट कर, आणि निगेटिव्ह आली तरी तीन महिने झाल्यावर पुन्हा कर. जायचा धीर होत नसेल तर आधी 1097 वर फोन लाव. तिथे घराणं कुणी विचारत नाही.