पाठ अर्धवट सोडून उठलास ते

मुलुंड (पूर्व)

चि. बाबू,

ताईच्या तेराव्याला विष्णुसहस्रनाम चालू असताना तू उठलास, "हजार नावं, त्यातलं एक तरी आईच्या कामी आलं का?" म्हणालास आणि अनवाणीच जिना उतरलास. मामा अजून धुमसताहेत. मला राग नाही आला. पण ऊन केवढं होतं रे!

देव दयाळूही आणि सर्वशक्तिमानही, तर आई अशी का गेली, हेच ना तुझं? विचार की. पण पाठ तरी पुरता ऐकायचास! पुढे भय निर्माण करणारा आणि भय घालवणारा ही नावं शेजारीशेजारी येतात. लगेच पुढच्या श्लोकात तो अणूएवढा आणि अफाट, कृश आणि स्थूल, गुण धारण करणारा आणि निर्गुणही. आणि हे सांगतंय कोण? शरपंजरी पडलेले भीष्म. ऐकणारा धर्मराज, भाऊबंद मारून राज्यावर बसलेला. दोघांपैकी सुखात कुणीच नव्हतं.

माझं मत तुला पाठ आहे, तरी ऐक. देवाचे गुण तिऱ्हाइताला समजावत बसू नये, देवालाच तोंडावर ऐकवावेत. दयाळू म्हणवतोस ना, मग दाखव! जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या, तुकोबाही काही कमी भांडले नाहीत. १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा नको म्हटलं, तरी गायला अभंग तुकोबांचेच घेतले. निराकाराशी बोलायचं तरी हाक मारावीच लागते.

मंडपेश्वरच्या लेण्यात ताई तुला न्यायची, आठवतं? आत नटराज, भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे चर्च केलं, आता पुन्हा पिंडीवर बेल वाहतात. "यातला खरा देव कुठला?" म्हणून तू तिचं डोकं खाल्लंस. तिने तुला चिंचा घेऊन दिल्या. व्याख्यांचा तिला कंटाळाच.

पण हे मी सांगतेय कुणाला! तू फोन उचलत नाहीस. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दोन-दोन वाजेपर्यंत घरात दिवा असतो. डब्याचं काय करतोस? देवाशी भांडायचं नसेल तर माझ्याशी भांड, पण असा गप्प बसू नकोस. शनिवारी ये. दादरला गाडी बदलायचा कंटाळा आला तर घोडबंदरवरून ये, पण ये. आणि ताईच्या रिपोर्टांची ती फाईल मामांकडे देऊन टाक. तू ती रोज काढून वाचतोस, कळतं मला.

तुझी,
मावशी