आधी पाणी बघा, मग पडदा

“लाइव्ह सोनार घ्यायचंय, कुठलं घेऊ?” असं विचारत कुणी रामवाडीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये आलं, की मी उलट विचारतो, “कयाक उतरवणार कुठे?” बऱ्याच जणांना हा प्रश्न खटकतो. अमेरिकेतल्या तळ्यांवरचे व्हिडिओ बघून ते आलेले असतात. पडद्यावर मासा येतो, आमिषाकडे वळतो, थबकतो, तोंड मारतो, सगळं सिनेमासारखं दिसतं. तो सिनेमा खरा आहे, पण ज्या पाण्यात तो काढला ते पाणी आपलं नाही. पेणच्या माणसाच्या हाताशी दोन तऱ्हेची पाणी आहेत. एकीकडे धरमतरची खाडी, जिथे अंबा आणि भोगावती गाळ आणून टाकतात आणि समुद्र तो दिवसातून दोनदा ढवळतो. दुसरीकडे हेटवण्यासारखं धरणाचं थोपवलेलं पाणी. यंत्राची कंपनी, पडद्याचे इंच, किंमत हे सगळं या फरकानंतर येतं.

माझा धंदा मासेमारी नौकांवरची इको साउंडर, जीपीएस असली यंत्रं बसवायचा आणि दुरुस्त करायचा. अलीकडे शनिवार-रविवारी गाडीच्या टपावर प्लॅस्टिकची कयाक बांधून मुंबई-पुण्याहून येणारी गळवाली मंडळीही गिऱ्हाईक झाली आहेत. ट्रॉलरवाला नाखवा यंत्र घेताना दहा प्रश्न विचारतो. ही मंडळी मॉडेल नंबर पाठ करून येतात, पण वायर कुठून न्यायची याचा विचार केलेला नसतो.

मूळ तत्त्व सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परतलेला प्रतिध्वनी वाचतं. नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये मासे शोधायचं पहिलं व्यवहारात चालणारं यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून हे सूत्र तेच आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो. तीन मीटर खोल खाडीत तळाला आपटून परत यायला त्याला एका सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. आता यातली गंमत बघा. माशाचं मांस जवळपास पाण्याइतकंच घट्ट, त्यामुळे आवाज त्यातून बराचसा आरपार जातो. ठळक प्रतिध्वनी येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीचा जो भोत सोन्याच्या भावाने विकला जातो, तीच ही पिशवी. म्हणजे पडद्यावर आपण बघतो तो मुख्यतः माशाचा भोत. मुशीला ही पिशवीच नसते, म्हणून चांगली हातभर मुशी खालून गेली तरी पडद्यावर तिची खूण फिकी उमटते.

साध्या फिश फाइंडरचा पडदा वाचताना नवखा माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, समोर दिसतंय ते पाण्यातलं आत्ताचं चित्र. खरं तर आत्ताची असते फक्त उजव्या कडेची एक उभी रेघ, डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. मासा कमानीसारखा दिसतो, कारण तो आवाजाच्या शंकूत एका कडेने शिरतो, मध्यावर जवळ येतो आणि दुसऱ्या कडेने निघून जातो. कयाक जागच्या जागी उभी असेल आणि मासाही खाली स्वस्थ असेल, तर कमानीऐवजी लांबच लांब पट्टा उमटतो. गिऱ्हाईक म्हणतं, “केवढा मोठा मासा!” असतो वीतभर.

लाइव्ह सोनारने ही अडचण काढली. गार्मिनचं लाइव्हस्कोप 2018 मध्ये आलं, मग लॉरन्सचं अ‍ॅक्टिव्हटार्गेट आणि हमिनबर्डचं मेगा लाइव्ह. यांच्या ट्रान्सड्यूसरमध्ये, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागात, एकाऐवजी ओळीने लावलेले पुष्कळ घटक असतात. प्रत्येकाला किंचित मागेपुढे चालवून आवाजाचा झोत हवा तिकडे वळवता येतो, ट्रान्सड्यूसर हलवावा लागत नाही. त्यामुळे समोरचा संपूर्ण पंखा सेकंदाला कित्येक वेळा नव्याने उमटतो आणि मासा हलताना दिसतो. हा पंखा पुढे-मागे 135 अंश उघडतो, पण आडवा फक्त 20 अंशांचा असतो.

हे 20 अंश कयाकवाल्याने पाठ करून ठेवावेत. दहा मीटर अंतरावर त्या पंख्याची रुंदी होते साडेतीन मीटर. मोठ्या बोटीवर विजेची मोटर बोटीचं तोंड स्थिर धरते, कयाकवर ते काम आपली पावलं आणि वल्हं करतात. गळ टाकायला हात मागे नेला की कयाकचं नाक दहा-पंधरा अंश फिरतं आणि मघाशी दिसत होता तो मासा पंख्याबाहेर जातो. म्हणून ट्रान्सड्यूसर कयाकच्या बुडाला पक्का ठोकू नये. बाजूच्या पट्टीवर उभ्या दांड्याला लावावा आणि दांड्याला हाताने फिरवायची मूठ असावी. मुठीवर दिशेचा बाण रंगवून घ्या, नाहीतर पाण्याखाली यंत्र कुठे बघतंय हे तुमचं तुम्हालाच कळणार नाही. काही जण बुडाच्या आतून प्लॅस्टिकमधून आवाज पाठवता येईल का विचारतात. साध्या सोनारचा आवाज तसा जातो, लाइव्ह आणि बाजूचं चित्र दाखवणाऱ्या यंत्रांचा नाही.

आता खाडी. लाइव्ह सोनार 530 ते 1100 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतं, साधं सोनार 200 च्या आसपास. एक हजार किलोहर्ट्झला आवाजाची लांबी दीड मिलिमीटर भरते, 200 ला साडेसात. लहान लांबीमुळे चित्र बारीक कोरलेलं येतं, पण असा आवाज लवकर दमतो. पाण्यात तरंगणारा गाळ आणि हवेचे बुडबुडे त्याला आणखी खातात. धरमतरला उधाणाच्या सुकतीला पाणी चहासारखं होतं, तेव्हा पडद्यावर मासे आणि कचरा एकाच रंगात मिसळतात. यंत्राची संवेदनशीलता, म्हणजे गेन, वाढवला तर कचरा वाढतो, कमी केला तर मासाही जातो. त्यात डोलवीकडे जाणारी बार्ज जवळून गेली की तिच्या पंख्याने उडवलेल्या बुडबुड्यांचा पांढरा पडदा बराच वेळ हलत नाही.

तरी खाडीत लाइव्ह सोनार फुकट, असं मी म्हणणार नाही. उथळ पाण्यात साध्या सोनारचीही पंचाईतच असते. 20 अंशांचा शंकू तीन मीटर खोलीवर जेमतेम मीटरभर जागा दाखवतो, म्हणजे कयाकच्या सावलीइतकी. तिथला मासा तुमच्या वल्ह्याच्या आवाजाने आधीच पळालेला असतो. समोर बघणारं यंत्र इथे खरंच उपयोगी पडतं, फक्त वेळ साधावी लागते. वेळेसाठी आपल्याकडचा जुना हिशोब पुरतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती पूर्ण होण्याचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत यावं तसा थोडा उशीर धरायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या पुढे चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला त्याच्या निम्म्यानेही नाही. भांगाच्या दिवसांत गाळ खाली बसतो आणि ओढ कमी असते. खाडीत लाइव्ह सोनार चालवायचं तर तेच दिवस, आणि त्यातही भरती पुरी होताना पाणी थांबतं तो अर्धा-पाऊण तास. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणून दिवाळीत नवं यंत्र घेऊन लगेच खाडीत उतरणारा हमखास सर्वांत वाईट पाणी गाठतो आणि सोमवारी माझ्याकडे तक्रार घेऊन येतो.

एक गोष्ट मात्र खाडीत साधंच यंत्र दाखवतं, आणि माझ्या मते ती पडद्यावर मासा बघण्याहून मोलाची आहे. दोन फ्रिक्वेन्सीचं सोनार घ्या, एक 200 ची आणि दुसरी 80 च्या आसपासची. पडदा मधोमध विभागून दोन्ही शेजारी लावा. वाळूवर किंवा खडकावर दोन्हीकडचा तळ एकाच खोलीवर येतो. तिवरांच्या कडेला चिखलात शिरलात की 200 ची रेघ वरच अडकते, ती गाळाचं पातळ तोंड वाचत असते. 80 ची रेघ जाड होते, तिच्याखाली आणखी एक सावली उमटते आणि खरा घट्ट तळ त्या सावलीत असतो. बंदरातला गाळ काढण्याआधी सर्वेक्षण करणारे हीच युक्ती आणखी खालच्या फ्रिक्वेन्सीला वापरतात. कयाकवाल्याला यातून समजतं की इथे उतरलो तर पाय कुठवर जाईल. सुकतीला कयाक चिखलावर बसली आणि माणूस ढकलायला खाली उतरला, की मांडीपर्यंत रुततो. पुढची भरती येईपर्यंत तिवरांतले डास त्याला सोडत नाहीत.

शिवाय खाडीतला जिताडा शोधायला चित्र लागतंच असं नाही. तो उघाडीच्या, म्हणजे खारबांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी असतो. सुकतीला खारबंदिस्तीच्या आतलं पाणी उघाडीतून बाहेर पडू लागतं, त्याबरोबर बोयची पिल्लं आणि कोळंबी येते. जिताडा ओढीच्या कडेला, आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. खारेपाटातला कुठलाही पाग टाकणारा म्हातारा हे यंत्राशिवाय सांगेल. यंत्र लागतं ते उघाडीपुढे पाण्याने खणलेला खड्डा नेमका कुठवर गेलाय, बांधाला पडलेली जुनी खांड बुजवताना टाकलेले दगड कुठे आहेत, हे कळायला. त्यासाठी जीपीएस आणि खोलीचा नकाशा स्वतः काढणारं चार-पाच इंची साधं यंत्र पुरतं. नकाशा काढताना भान ठेवा. तळ्यात नोंदवलेली खोली उद्याही तीच राहते, खाडीत सहा तासांत बदलते. भरतीला काढलेला नकाशा सुकतीला वापरला तर त्यावरची तीन मीटर खोली म्हणजे कदाचित कोरडा चिखल. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगतो, नोंदी नेहमी एकाच तिथीच्या आसपास आणि पाण्याच्या एकाच अवस्थेत करा.

धरणात चित्र पालटतं. पावसाळा सरून पाणी निवळलं की लाइव्ह सोनार आपली सगळी किंमत वसूल करून देतं. बुडालेल्या झाडाच्या फांद्या दिसतात, फांदीत दडलेला मरळ दिसतो, आमिष त्याच्यापासून किती हातांवर पडलं तेही दिसतं. वारा सोडला तर कयाकला ओढणारं काही नसतं. तिथे उतरण्याची परवानगी आणि मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे, एवढी चौकशी आधी करा. तुमचं बहुतेक फिरणं धरणांवर असेल तर खुशाल लाइव्ह घ्या.

पैशाचं म्हणाल तर नुसता ट्रान्सड्यूसर आणि त्याचं चित्र घडवणारा डबा अमेरिकेतच दीड हजार डॉलरच्या घरात जातो. पडदा, बॅटरी, दांडा, वाहतूक, आयातकर हे सगळं वेगळं. त्याहून दुर्लक्षित राहतो तो विजेचा हिशोब. लाइव्हचा डबा साधारण 20 वॅट खातो, नऊ इंची पडदा तेवढेच. मिळून 40 वॅट म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून तीन अँपिअरच्या वर. 30 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी थोडी राखून वापरली तर सात तास देते आणि वजन चारेक किलो. तेवढ्याच ताकदीची शिशाची बॅटरी दुपटीहून जड, वर ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. साध्या यंत्राला यूपीएसमधली सात अँपिअर-तासाची बॅटरी सकाळभर पुरते. बॅटरी पायांपाशी, मध्यभागी ठेवा. मागच्या खणात ठेवली की कयाकचं नाक उचलतं आणि वाऱ्यात ती ऐकेनाशी होते. फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच हवा, पडद्याजवळ नको. खारं पाणी वायरच्या जोडात शिरलं की आठवड्यात हिरवा बुरा धरतो. माझ्याकडे ‘मशीन बंद पडलं’ म्हणून येणाऱ्या यंत्रांत यंत्र बहुधा ठीक असतं, जोड कुजलेला असतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं आणि जोडांना सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, एवढंच काम.

अमेरिकेत या यंत्रावरून वादही पेटला. बास माशांच्या तिथल्या एका मोठ्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने 2025 पासून दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात लाइव्ह सोनार वापरायला परवानगी दिली. तिथला मुद्दा कौशल्याचा आणि बघणाऱ्यांच्या कंटाळ्याचा आहे. आपल्याकडे तो मला वेगळ्या कारणाने पटतो. जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभर लांबीचा जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असतो, आणि पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी अंडी घालायची ती तिनेच. डोळे मिटून टाकलेल्या गळाला लहान-मोठा कुठलाही लागतो. लाइव्ह सोनारवर माणूस सगळ्यांत मोठी खूण निवडून तिच्याच तोंडासमोर आमिष सोडतो. म्हणून लाइव्ह नेणाऱ्याला मी बिलाबरोबर एक चिकटवायची मोजपट्टी देतो. ती कयाकच्या काठाला लावा, म्हणतो, आणि मीटरच्या पुढचा निघाला तर फोटो काढून सोडून द्या. मान सगळेच हलवतात. पण पेणच्या बाजारात जिताड्याचा भाव काय चाललाय, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असतं.