पाच गावांचा चिटणीस

'स्मार्ट' हा शब्द आमच्या गावात आला तो लग्नाच्या वाटेने. मुलगा बघून आलेली मंडळी ओट्यावर टेकली की "पोरगा स्मार्ट आहे हो," असे म्हणत, आणि पँटला इस्त्री आहे व बोलताना मान खाली घालत नाही, एवढाच त्याचा अर्थ असे. पुढे हा शब्द फोनला चिकटला, मग विजेच्या मीटरला, आणि शेवटी अख्ख्या शहराला. शहर स्मार्ट होते म्हणजे नेमके काय होते, हे मला बरेच दिवस उमगले नव्हते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, पोटासाठी मुले शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. नगररचना हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु गेली काही वर्षे आमच्या पाच गावांच्या एका खटाटोपात मी चिटणीस होऊन बसलो आहे. वही ज्याच्या हातात तो चिटणीस, आणि गावात वही मास्तरांखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातात देणार?

खटाटोप साधा आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर आमची गावे आहेत. तीन इकडे, दोन तिकडे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, कालवे आले आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. उसामागोमाग बिबट्या आला. खरे म्हणजे तो आला असे म्हणण्यातही आता अर्थ नाही. तो इथेच जन्मतो. उसाच्या फडात ज्या पिल्लाने डोळे उघडले त्याला ऊस हेच रान. पाहुण्यांना या गोष्टीची गंमत वाटते. ज्याच्या पोरीला हिवाळ्यात शाळा सुटल्यावर दोन्ही बाजूंच्या उसातून दीड किलोमीटर घरी जायचे असते, त्याला ती वाटत नाही. मी रोज फाटकाशी उभा राहून पोरांना टोळीटोळीने सोडतो आणि "मोठ्याने पाढे म्हणत जा," असे बजावतो. माणसांचा गलका असला म्हणजे बिबट्या बाजूला होतो, आणि एकोणतीसचा पाढाही पाठ होतो.

बिबट्याला तालुका कळत नाही. आम्हाला मात्र तो फार कळतो. दोन तालुके म्हणजे दोन पंचायत समित्या, दोन तहसीलदार. एकीकडे पिंजरा लागला की पलीकडचे म्हणणार, आता तो आमच्याकडे हाकलला. तेव्हा पाचही गावांनी मिळून काहीतरी करावे, असे ठरले.

पहिल्या वर्षी काय झाले, ते सांगतो. एका मोठ्या कंपनीने धर्मादाय निधीतून पाचांपैकी एका गावात चार खांब बसवून दिले. खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्यात बिबट्या ओळखणारी अक्कल, आणि बिबट्या दिसला की वाजणारा भोंगा. नारळ फुटला, फोटो निघाले. 'हा नमुना यशस्वी झाला की उरलेल्या चार गावांत आणि मग तालुकाभर,' असे भाषणात सांगण्यात आले. पावसाळ्यानंतर एका खांबाची बॅटरी बसली. दुसऱ्याच्या पेटीची किल्ली ज्या इंजिनिअरकडे होती, त्याची बदली झाली. उरलेल्या दोन कॅमेऱ्यांपुढे ऊस वाढला आणि त्यांना पातीशिवाय काही दिसेना. एके सकाळी ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले, ते बरोबर खांबाच्या बुडाशी! यंत्र वाईट होते, असे मी म्हणणार नाही. काच पुसायची कोणी, एवढेच कोणी विचारले नव्हते.

मला त्या वेळी पुण्याची आठवण झाली. केंद्राची स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी लागली, तीत भुवनेश्वरच्या खालोखाल पुण्याचे नाव होते. पुण्याने एक गोष्ट फार चांगली केली होती, हे मान्य केलेच पाहिजे: आराखडा करण्याआधी लोकांना विचारले होते. लाखो सूचना आल्या. मग कारभारासाठी एक कंपनी निघाली आणि औंध, बाणेर, बालेवाडी हा भाग नमुन्यासाठी निवडला गेला. त्या भागातल्या रुंद पदपथावरून मी स्वतः चाललो आहे; म्हाताऱ्या माणसाला ठेच न लागता चालता यावे, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण एक तुकडा सजवायचा आणि बाकीचे शहर त्याच्याकडे पाहून आपोआप तसे होईल, ही कल्पना वाचून मला आमचे 'आदर्श पाठ' आठवले. साहेब तपासणीला येणार म्हटले की एका वर्गात तक्ते लागतात, मुलांचे केस विंचरलेले असतात, गुरुजींच्या हातात रंगीत खडू असतो. पाठ खरोखरच उत्तम होतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गात मात्र तो कोणी घेत नाही, कारण रंगीत खडू एकच पेटी आणलेला असतो. शंभर शहरांची ही योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. शहराशहरांत उभी राहिलेली यंत्रे आणि फलक आता ज्या त्या महापालिकेच्या गळ्यात आहेत, आणि आमच्या चार खांबांच्या अनुभवावरून मला त्या महापालिकांची काळजी वाटते.

जुन्नर हे स्वतः एके काळी मोठे शहर होते, हे आमच्या पोरांना सांगूनही खरे वाटत नाही. नाणेघाटाने कोकणातला माल वर चढायचा, सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख त्याच घाटातल्या लेण्यात आहे, आणि गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी कोरलेली आहेत. सहलीला मुले लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजतात. मी सवड काढून ब्राह्मी लेखांची भाषांतरे वाचतो. त्यांत राजे थोडे आणि बाजारातली माणसेच फार. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. म्हणजे परका माणूसही वर्गणीच्या यादीत होता! पण मला सगळ्यांत आवडतात ते लेख निराळेच आहेत. एका शक उपासकाने करंजाच्या झाडांपाशी २० निवर्तने आणि वडापाशी ९ निवर्तने जमीन दिली. ही झाडे लावण्यासाठी दिली असे काही पंडित म्हणतात, काही म्हणतात झाडे तिथे होतीच. ते कसेही असो. दुसऱ्या एका लेखात बुरुडांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. एकाकडून महिन्याला पावणेदोन, दुसऱ्याकडून पाव. लेणे एकदाच कोरायचे असते, ते कोरून होते. त्यातल्या दिव्याला तेल मात्र दरमहा लागते. ते तेल कोणत्या बुरुडाच्या घरून यायचे, हे त्या लोकांनी दगडावर लिहून ठेवले. आमच्या कंपनीच्या खांबावर फक्त देणाऱ्याचे नाव होते.

दुसरा धडा आम्हाला खोडदला मिळाला. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. एकच अजस्र तबकडी बांधण्याऐवजी गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या बांधल्या. चौदा जवळजवळ आणि सोळा तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत, लोकांच्या शेताशिवारांत पसरलेल्या. तबकडीचा पत्रा भरीव नाही. तारांच्या दोरांवर ताणून बसवलेली जाळी आहे, त्यामुळे वाऱ्याला अडकत नाही आणि खर्चही वाचतो. या रचनेला दिलेल्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'स्मार्ट' असाच शब्द होतो, आणि तोही शहरांना ते वेड लागण्याच्या कितीतरी आधी. विज्ञान दिनाला, फेब्रुवारीच्या अखेरीस, मी मुलांना घेऊन तिथे जातो. एका मुलीने तिथल्या माणसाला विचारले, "तीसमधली एक बंद पडली तर?" तो हसून म्हणाला, "मग एकोणतीस बघतात." परत येताना गाडीत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तीस तबकड्या तीस ठिकाणी उभ्या. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे त्यांचे घड्याळ. सगळ्यांची वेळ एक असली पाहिजे, बस्स.

मग आम्ही खांबांचा नाद सोडला. जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा म्हणून एक सोय आहे: गावातल्या कोणीही ठराविक क्रमांकावर फोन करून बोलावे, त्याचाच आवाज एकाच वेळी नोंदलेल्या सगळ्या फोनांवर जातो. दरोडा, आग, पूर, बिबट्या, कशालाही चालते. ती आम्ही पाचही गावांत एका दिवशी लावून घेतली आणि बाकीचे सारे ज्या त्या गावावर सोडले. दिवे कुठे लावायचे, फटाके कोणाकडे ठेवायचे, रात्री कोण उठणार, हे त्या त्या गावाने ठरवावे. सामाईक गोष्टी दोनच: नंबरांची यादी, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सहाला होणारी चाचणी. ज्याचा फोन वाजला नाही त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन सांगायचे, मी वहीत लिहायचे. दिव्यांच्या बॅटरीसाठी दर दहा दिवसांच्या दूधपगारातून खात्यामागे दोन रुपये डेअरीतच कापतात. पहिल्या सभेला यावर कडाक्याचे भांडण झाले. एक आजोबा उठून म्हणाले, "कंपनी फुकट देती आन् तुमी पैसं कापता व्हय, गुरुजी?" मी त्यांना बुरुडांचे पावणेदोन आणि कासारांचा पाव सांगितला. ते म्हणाले, "तवा बुरूड लई पैशेवालं असतील." सभा हसली आणि ठराव पास झाला. आजोबांचे दोन रुपयेही कापले जातात.

पाचाची नऊ गावे झाली ती आमच्या प्रचाराने नव्हे. पाहुण्यारावळ्यांनी ओसरीवर बसून फोन वाजताना ऐकला आणि आपल्या गावी जाऊन विचारले. नव्या गावाला आम्ही काही देत नाही. वही कशी आखायची ते दाखवतो.

यादी मात्र मला झोप लागू देत नाही. आंबेगावच्या पश्चिम डोंगरात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गेली, आणि ही गोष्ट जगाला कळली ती एसटीच्या चालकाला रोजचे गाव जागेवर दिसले नाही म्हणून. तेव्हापासून मला सवय लागली आहे, ज्यांचे फोन वाजतात त्यांच्यापेक्षा कोणाचे वाजत नाहीत, ते मोजण्याची. एकदा अशीच वही चाळताना लक्षात आले की, उसाच्या सर्वांत जवळ जे झोपतात त्यांचे एकही नाव तीत नाही. दिवाळी झाली की मराठवाड्यातून कोयते येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात, दार म्हणून साडीचा पडदा. पहाटे आईबाप तोडीला गेले की पोरे कोपीत एकटी. मेंढ्यांचे वाडे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचेही तसेच. यादी होती रहिवाशांची, आणि ही माणसे कोणत्याच गावची रहिवासी नव्हती.

सरपंचबाईंना घेऊन मी कोप्यांवर गेलो. मुकादम पुढे आला, म्हणाला, "माझा एकट्याचा लिहा, मी सांगतो सगळ्यांना." सरपंचबाई म्हणाल्या, "तुम्ही झोपता नारायणगावला खोली करून. बायांचे नंबर सांगा." बायका पदर सावरत जमल्या. एकीने विचारले, "पर आमी कंच्या गावचं म्हनून लिवायचं, गुरुजी? आज हितं हाव, म्हैन्यानं पलीकडं." पेन हातात धरून मी तसाच उभा राहिलो. फॉर्मात गावाचा रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. शेवटी ज्याच्या फडात कोपी त्याचे गाव लिहिले, आणि फड हलला की नंबर पुढच्या गावाच्या यादीत न्यायचा, असे ठरले. हे काम चिटणिसाचे. हंगामात दर पंधरवड्याला मी सायकल काढतो.

मागच्या पौषात रात्री पावणेदोनच्या सुमारास फोन वाजला. आवाज बाईचा, मराठवाड्याच्या हेलाचा, आणि इतका घाईचा की अर्धे शब्द गिळलेले. "कोप्यावर, वढ्याकडच्या कोप्यावर या" एवढे कळले. मी बाहेर आलो तेव्हा चार वाड्यांवर दिवे लागलेले होते आणि ओढ्याच्या दोन्ही तीरांनी बॅटऱ्या हलत होत्या. पलीकडच्या तालुक्यातली पोरे आमच्याआधी पोचली होती. कोपीबाहेर शेळीचा दोर तुटलेला, रक्त थोडेसे, शेळी गेलेली. आत दोन पोरे पाचटावर झोपलेली होती. त्यांना काही कळलेच नव्हते. बाई पडद्याला धरून उभी होती. वनखात्याची माणसे आली, ठसे मोजून गेली, शेळीच्या भरपाईचा कागद झाला. त्या कागदावरही गावाचा रकाना होता.

सकाळी मी वही उघडून तारीख टाकली, वेळ टाकली, किती फोन वाजले ते लिहिले. सात वाजले नव्हते. त्या सात घरी शाळा सुटल्यावर जायचे होते.