शिंपल्याचा दुष्काळ

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे गोदेवर, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. या गंगेच्या तळाशी शिंपलेही राहतात, याची दखल मात्र फारसं कोणी घेत नाही. शिंपले म्हटलं की आपल्याला कोकणच आठवतं! गोड्या पाण्यातला शिंपला गाळात अर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढून त्यातले बारीक कण खातो आणि गाळलेलं पाणी परत सोडतो. बिनपगारी सफाई कामगारच म्हणा ना.

नदी आटू लागली की मासा डोहाकडे पळतो. शिंपल्याला पळता येत नाही. एका मांसल पायाने रेतीत रेघ ओढत तो ओसरत्या पाण्यामागे थोडाफार सरकतो. तेही जमलं नाही तर ओल्या गाळात खोल शिरतो आणि दार लावून घेतो.

हे दार लावणं सोपं नाही बरं का! कवचाच्या बिजागरीचा ओढा उघडण्याकडे असतो. ते मिटून ठेवायला आतल्या स्नायूंना धरून बसावं लागतं. म्हणून तर मेलेल्या शिंपल्याचं कवच उघडं पडतं. आतला प्राणवायू संपत आला की तो शरीराचे व्यवहार अगदी मंद करतो आणि प्राणवायूवाचून तग धरतो. त्यात आम्ल साठतं. ते मारायला लागणारा चुना तो स्वतःच्या कवचातूनच काढतो. बाहत्तरच्या दुष्काळात कितीतरी घरांनी भांडीकुंडी मोडून दिवस काढले, तसंच हे. हा तर घराच्या भिंतीच मोडतो!

अशा रीतीने काही जाती काही आठवडे, तर काही कित्येक महिने काढतात. पण ओल हवी आणि शिरायला गाळ हवा. उघड्यावर, तापल्या उन्हात त्याचं फार चालत नाही. पाऊस आल्यावर पुन्हा संसार मांडायचा तर मासेही वाचलेले हवेत, कारण शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या अंगाला चिकटून वाढतात.

एप्रिल २०१६ मध्ये, ऐन गुढीपाडव्याला, रामकुंड कोरडं पडलं होतं. लोक हळहळले, ते पाण्यासाठी. पण त्या परिसरात नदीचा तळ काँक्रीटने झाकलेला होता. ते काँक्रीट काढावं म्हणून नाशिकमधल्या काही मंडळींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. पाणी काय, धरणातून सोडता येतं. पण काँक्रीटमध्ये शिंपल्याने शिरायचं कुठे?

दुष्काळ त्याला नवा नाही. त्याची सारी तयारी जन्मजात आहे. आपण फक्त त्याच्या पायाखालचा चिखल काढून घेऊ नये. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी घाट सजवताना नदीच्या तळाचा एवढा विचार व्हावा, असं मनापासून वाटतं.

तुमच्या गावच्या नदीत अजून शिंपले दिसतात का? जरूर कळवा.