दंडकारण्यांतील फटफटीचा प्रवास

हिमालयांतील खिंडी फटफटीवरून ओलांडण्याची हौस अलीकडे आपल्या तरुण मंडळींस फार लागली आहे. साडेसतरा हजार फुटांवरील खारदुंगला येथें काढलेलें छायाचित्र आतां पुष्कळ घरांच्या भिंतींवर दिसतें. त्या साहसाचें कौतुक आहेच. परंतु बिकट वाट पाहण्यासाठीं इतकें दूर जावयास नको. आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, चांद्याच्या पलीकडे, अशी वाट आहे. तेथें खिंडींची जागा नदीनाल्यांनीं घेतली आहे. हिमालयांत वाट बर्फानें बंद होते, येथें पावसानें.

गेल्या फाल्गुनांत पुतण्याच्या मागें बसून मीं हा प्रवास केला. चंद्रपुराहून मूल, सावली करीत निघालों व वैनगंगा ओलांडून गडचिरोलीस पोंचलों. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे. चामोर्शीनजीक मार्कंडा येथें वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या काठचीं जुनीं शिवमंदिरें शिल्पांनीं नखशिखांत मढलेलीं आहेत. बाल मार्कंडेयानें शिवलिंगास मिठी मारून यमास परतविलें, ती घटना येथलीच, अशी लोकांची श्रद्धा आहे.

आष्टीपासून पुढें वाहनाची व हाडांची परीक्षा सुरू झाली. सुरजागडच्या डोंगरांतील लोहखनिज वाहणाऱ्या अवजड मालमोटारींची रीघ लागली होती. त्यांच्या धुळीनें कडेचीं झाडें तांबडीं झालीं होतीं. "काका, घट्ट धरा," एवढेंच पुतण्या अधूनमधून म्हणे.

आलापल्लीचें सागवान प्रसिद्धच आहे. २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं सागवान गेलें तें याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतून. ज्या दंडकारण्यांत प्रभूंचा वनवास घडला असें आपण मानतों, तेथीलच लाकूड त्यांच्या दारीं लागावें, या विचारानें मनास समाधान वाटलें.

आलापल्लीहून भामरागड सुमारें पासष्ट किलोमीटर आहे. दोहों बाजूंस पळस फुलले होते आणि झाडांखालीं माडिया बायका मोहाचीं फुलें वेंचीत होत्या. पेरमिलीपुढें आमचें चाक पंक्चर झालें. एक माडिया तरुण न बोलावतां मदतीस आला. आश्रमशाळेंत शिकलेलें त्याचें मराठी स्वच्छ होतें. मी शिक्षक होतों हें कळल्यावर तो मोकळेपणानें बोलूं लागला. जवळच्या कोरड्या नाल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गुरुजी, हा आतां असा दिसतो. श्रावणांत वहिनीला खाटेवर घालून आम्हीं इथवर आणलं. पाणी उतरायला सकाळ झाली." पुढें विचारण्याचा मला धीर झाला नाहीं. तोच म्हणाला, "पोरगी वांचली. शाळेंत जाते आतां." वहिनीविषयीं तो कांहीं बोलला नाहीं.

पुढें हेमलकसा लागलें. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं वीज नसतां, पक्का रस्ता नसतां या अरण्यांत रोग्यांची सेवा केली. २००८ सालीं त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे वैद्य अरण्यांत येऊन अर्धशतक लोटलें. रोग्यानें त्याच्यापर्यंत पोंचावें कसें, हा प्रश्न मात्र दर पावसाळ्यांत पुन्हा उभा राहतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. स्थान अतिशय रम्य. पण पर्लकोटेच्या जुन्या, ठेंगण्या पुलावरून पाणी गेलें कीं गांवाचा जगाशीं संबंध तुटे. २०१९ च्या पावसाळ्यांत असें वारंवार घडलें.

रस्ता आला कीं अरण्य जातें, ही चिंता खोटी नाहीं. आष्टीजवळची ती तांबडी धूळ मीं पाहिली आहे. परंतु ज्या नाल्याकांठीं ती खाट रात्रभर थांबली, तेथें पूल नको असें कोण म्हणेल? खनिजाच्या वाटेची जितकी काळजी वाहिली जाते तितकीच आडवाटेवरच्या नाल्यांची वाहिली जावी, एवढेंच मागणें.

वाचकांपैकीं ज्यांस हा प्रदेश पाहावयाचा असेल त्यांनीं दिवाळीनंतर व उन्हाळ्यापूर्वीं जावें. मुलांस अवश्य बरोबर न्यावें. मार्कंड्याचीं शिल्पें आणि आलापल्लीचे सागवृक्ष त्यांस दाखवावेत; आणि वाटेंत एखाद्या कोरड्या नाल्यापाशीं थांबून, हा भरून वाहूं लागला म्हणजे पलीकडच्या घरांतील आजारी माणसाचें काय होत असेल, हेंही त्यांस विचारावें.